काठावर बसवलेला रेणू: आपोआप जुळणारे, प्रतिसाद देणारे मृदू पदार्थ कसे घडवायचे

सोडियम लॉरेथ सल्फेट असलेला साधा पारदर्शक शॅम्पू पेल्यात घ्या, थोडं पाणी घालून पातळ करा आणि त्यात चिमूट-चिमूट मीठ घालून ढवळत राहा. थोड्या वेळात शॅम्पू दाट होतो, चमचा उचलला की तार धरतो. तसंच मीठ घालत गेलात तर एका टप्प्यानंतर तो पुन्हा सैल पडतो. या सगळ्यात एकही नवा रेणू तयार झालेला नाही, एकही रासायनिक बंध तुटलेला नाही. शॅम्पूतल्या रेणूला पाणी आवडणारं डोकं आणि पाणी टाळणारी शेपटी असते. मिठातल्या सोडियमच्या आयनांमुळे रेणूंच्या ऋणभारित डोक्यांची ढकलाढकल कमी झाली, डोकी जवळ सरकली, आधीच्या गोल गोळ्यांचे लांब दोरे झाले आणि ते दोरे एकमेकांत गुंतले. आपोआप जुळणारा आणि बाहेरच्या बदलाला प्रतिसाद देणारा मृदू पदार्थ म्हणतात तो हाच.

या विषयात नव्याने येणारी मंडळी बहुतेक वेळा उलट्या टोकाने सुरुवात करतात. ‘प्रकाश पडला की वितळणारं जेल हवं’ असं ठरतं, प्रकाशाला प्रतिसाद देणारा एखादा गट रेणूला कुठेतरी चिकटवला जातो, आणि दिवा लावून तासभर बसलं तरी जेल ढिम्म हलत नाही. उद्दीपनात फारसा जोर नसतो, ते फक्त एक छोटा धक्का देतं. त्या धक्क्याने काही घडायचं असेल तर रेणू आधीपासून काठावर बसलेला हवा: जरा इकडे गेला तर जुळेल, जरा तिकडे गेला तर सुटेल. रेणूची रचना करायची ती त्याला त्या काठावर नेमका बसवण्यासाठी. पुढच्या पायऱ्या त्याच क्रमाने लिहिल्या आहेत.

पायरी १: काय घडायला हवं ते एका वाक्यात लिहा

कागदावर रेणू काढण्याआधी हे वाक्य लिहा. त्यात चार गोष्टी आल्या पाहिजेत. माध्यम कोणतं (पाणी, तेल, की द्रावकाशिवाय), रेणू जुळून आकार कोणता व्हायला हवा, कशाच्या बदलाने तो मोडायला किंवा बदलायला हवा, आणि तो बदल परत फिरणारा हवा की एकदाच. ‘पाण्यात, पीएच ७.४ ला बंद पोकळ गोळी, पीएच ५.५ ला फुटावी. परत जुळली नाही तरी चालेल.’ इतकं नेमकं लिहिलं की निम्मे पर्याय तिथल्या तिथे गळतात. माध्यमाचा विचार सर्वांत आधी करा. क्लोरोफॉर्ममध्ये सुंदर जुळणारा रेणू पाण्यात अगदी अनोळख्यासारखा वागतो.

पायरी २: ताकदींचा हिशेब मांडा

खोलीच्या तापमानाला उष्णतेची सततची थरथर सुमारे २.५ किलोज्यूल प्रति मोल इतकी असते. आपलं मोजमाप तेच. कार्बन-कार्बन बंध सुमारे ३५० किलोज्यूलचा, म्हणजे या थरथरीला तो दाद देत नाही. हायड्रोजन बंध साधारण १० ते ४० किलोज्यूलच्या पट्ट्यात येतो. मृदू पदार्थांचं सगळं जग या मधल्या पट्ट्यात वसलेलं आहे: थरथरीपेक्षा थोडं जास्त, कायमच्या बंधापेक्षा खूप कमी. एकटा हायड्रोजन बंध रेणूंना धरून ठेवत नाही. असे चार बंध एका ओळीत लावले की चित्र बदलतं. आइंडहोव्हनमध्ये सिबेस्मा, मायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये युरिडोपायरिमिडिनोन नावाच्या गटाने हेच दाखवलं. दोन्ही टोकांना हा गट लावलेले छोटे रेणू एकमेकांना टोकाशी टोक धरून पॉलिमरसारखी साखळी बनवतात, आणि तापवलं की साखळी सैल पडते.

इथे नवख्यांच्या दोन चुका हमखास होतात. पहिली म्हणजे हाच गट जसाच्या तसा पाण्यात वापरणं. पाण्याचा प्रत्येक रेणू स्वतःच हायड्रोजन बंध देतो आणि घेतो, त्यामुळे तुमच्या बंधांच्या जागा पाणीच अडवून बसतं. पाण्यात हायड्रोजन बंध टिकवायचे असतील तर त्यांच्याभोवती जलद्वेषी कप्पा बांधावा लागतो, म्हणजे शेजारी लांब कार्बनची साखळी किंवा सपाट सुगंधी (बेंझीनसारखी) कडी. दुसरी चूक अशुद्धीकडे दुर्लक्ष करण्याची. दोन तोंडांच्या रेणूत १ टक्का एकतोंडी अशुद्धी राहिली, तर बंध कितीही पक्का असला तरी साखळीची सरासरी लांबी २०० रेणूंच्या आसपास अडकते. दर १०० रेणूंमागे एक टोक आलं आणि प्रत्येक साखळीला टोकं लागतात दोन. दाटपणा येत नाही म्हणून नवा रेणू बनवायला धावण्याआधी आहे तो शुद्ध करून पाहा.

पाण्यातली खरी मोठी ताकद जलद्वेषाची. तिचा अंदाज बांधायला एक सोपा नियम हाताशी ठेवा: आयनी डोकं असलेल्या रेणूच्या शेपटीत एक कार्बन वाढवला की मायसेल (शेपट्या आत, डोकी बाहेर अशी रेणूंची जुळणी) सुरू होण्याची संहती साधारण निम्म्यावर येते. सोडियम अल्किल सल्फेटमध्ये १० कार्बनना ती सुमारे ३३ मिलिमोलर, १२ ना ८ आणि १४ ना २. शेपटीचा एकेक कार्बन म्हणजे तुमच्या हातातली बारीक चावी आहे. जुळणी फार लवकर होत असेल तर दोन कार्बन कमी करा. होतच नसेल तर दोन वाढवा, पण शेपटी फार लांबवली तर रेणू पाण्यात उतरायचाच नाही, हेही धरून चाला.

पायरी ३: आकाराचं गणित करा

माझ्या मते या विषयातला सर्वांत उपयोगी कागद-पेन्सिलचा हिशेब हा आहे. इस्राएलअख्विली, मिचेल आणि निनहॅम यांनी तो १९७६ मध्ये मांडला. शेपटीचं घनफळ घ्या, त्याला डोक्याने व्यापलेलं क्षेत्रफळ आणि शेपटीची ताणलेली लांबी यांच्या गुणाकाराने भागा. उत्तर एक तृतीयांशापेक्षा कमी आलं तर रेणू आइस्क्रीमच्या कोनासारखा, आणि असे कोन एकत्र आले की गोळा होतो. एक तृतीयांश ते अर्धा आलं तर लांब दोरे. अर्धा ते एक आलं तर दुपदरी पडदे आणि पोकळ गोळ्या. एकाच्या वर गेलं तर उलट्या रचना, म्हणजे पाणी आत आणि शेपट्या बाहेर.

सोडियम डोडेसिल सल्फेटवर हे करून पाहू. टॅनफर्डच्या सूत्राने १२ कार्बनच्या शेपटीची लांबी ०.१५४ अधिक ०.१२६५ गुणिले १२, म्हणजे १.६७ नॅनोमीटर. घनफळ ०.०२७४ अधिक ०.०२६९ गुणिले १२, म्हणजे ०.३५ घन नॅनोमीटर. डोक्याचं क्षेत्र सुमारे ०.६ चौरस नॅनोमीटर धरलं तर ०.३५ ला १.०० ने भागायचं. उत्तर ०.३५. म्हणजे हा रेणू गोळा आणि दोरा यांच्या सीमेवरच उभा आहे. आता मीठ घाला. डोक्यांची ढकलाढकल कमी होऊन क्षेत्र ०.५ वर आलं असं समजा, उत्तर ०.४२ होतं आणि आपण दोऱ्यांच्या हद्दीत शिरतो. सुरुवातीच्या पेल्यातला शॅम्पू अशाच कारणाने दाट झाला होता. त्याच डोक्याला एकाऐवजी दोन शेपट्या लावल्या की घनफळ दुप्पट होऊन उत्तर ०.७ येतं, आणि गोळ्यांऐवजी दुपदरी पडदा मिळतो. पेशींच्या पडद्यातले बहुतेक लिपिड दोन शेपट्यांचे असतात, त्यामागचं गणित हेच.

डोक्याचं क्षेत्र हा काही रेणूवर कोरलेला आकडा नाही. मीठ, पीएच, तापमान, संहती यांच्याबरोबर तो हलतो. नवख्यांना ही अडचण वाटते. खरं तर प्रतिसादाची सगळी जागा तिथेच आहे. जो आकडा बाहेरून हलवता येतो त्याच्यावरच उद्दीपन काम करू शकतं.

द्रावक नसेल तर आकाराची भाषा थोडी बदलते. कडक दांड्यासारखा गाभा आणि मऊ शेपटी असलेला रेणू द्रवस्फटिक होतो. ५सीबी या प्रसिद्ध रेणूची शेपटी पाच कार्बनची. तो २४ ते ३५ अंश सेल्सिअसदरम्यान नेमॅटिक असतो, म्हणजे सगळे दांडे एका दिशेने पण थरांशिवाय. शेपटीत आणखी तीन कार्बन घातले की ८सीबी मिळतो, आणि तो सुमारे २१.५ ते ३३.५ अंशांत थर लावून बसतो, त्यानंतर ४०.५ अंशांपर्यंत नेमॅटिक. गाभा तोच, फरक फक्त तीन कार्बनचा. रेणू दांड्याऐवजी तबकडीसारखा घेतला तर तबकड्यांची चळत लागते. असे तबकडी-द्रवस्फटिक १९७७ मध्ये शिवरामकृष्ण चंद्रशेखर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बंगळूरच्या रामन संशोधन संस्थेत पहिल्यांदा दाखवले.

पायरी ४: रेणूला काठाजवळ सरकवा

काठ म्हणजे काय हे पॉली-एन-आयसोप्रोपिलॲक्रिलामाइडकडे पाहिलं की लख्ख समजतं. गार पाण्यात हा पॉलिमर विरघळलेला असतो, ३२ अंशांच्या आसपास तो एकदम पाणी टाकून आक्रसतो आणि द्रावण दुधासारखं पांढरं होतं. हेस्किन्स आणि गिलेट यांनी १९६८ मध्ये या वागण्याचा सविस्तर अभ्यास केला. त्याच्या प्रत्येक कडीत दोन विरुद्ध स्वभाव शेजारी-शेजारी आहेत. अमाइड गट पाण्याशी हायड्रोजन बंध करतो. आयसोप्रोपिल गटाला पाणी नको असतं, त्याच्याभोवती पाण्याचे रेणू शिस्तीत रांग लावून उभे राहतात. ही शिस्त पाण्याला महाग पडते आणि तापमान वाढेल तशी आणखी महाग होते. एका तापमानाला खर्च फायद्यापेक्षा जास्त होतो आणि पारडं झुकतं.

आता रचनेची गंमत पाहा. आयसोप्रोपिल काढून साधा पॉलीॲक्रिलामाइड घेतला तर तो तापवूनही पाण्यातच राहतो. त्याजागी जास्त जलद्वेषी टर्शरी-ब्युटिल गट लावला तर पॉलिमर गार पाण्यातही विरघळत नाही. मधला आयसोप्रोपिल नेमका काठावर बसतो. यातूनच काठ हलवण्याची युक्ती मिळते: साखळीत थोडं ॲक्रिलामाइड मिसळा, संक्रमणाचं तापमान वर जातं, थोडं टर्शरी-ब्युटिलॲक्रिलामाइड मिसळा, खाली येतं. शरीराच्या ३७ अंशांजवळ काम हवं असेल तर असंच वरचं टोक गाठतात. मोजमाप मात्र नेहमी ज्या द्रावणात वापर करायचा त्यातच करा. खारट बफरमध्ये हे तापमान शुद्ध पाण्यापेक्षा खाली घसरतं, आणि शुद्ध पाण्यातल्या आकड्यावर विसंबलेले प्रयोग तिथेच फसतात.

पायरी ५: आता धक्का निवडा

पीएचचा धक्का निवडलात तर पीकेए (ज्या पीएचला निम्मे गट भारित असतात तो आकडा) तुमच्या दोन पीएचच्या मध्ये बसवा. याचं सर्वांत देखणं उदाहरण औषधं वाहून नेणाऱ्या लिपिड-कणांत सापडतं. २०१८ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेल्या पॅटिसिरान या औषधात डीलिन-एमसी३-डीएमए हा लिपिड आहे. कणात बसल्यावर त्याचा पीकेए सुमारे ६.४४ असतो. हिशेब करा: रक्तात पीएच ७.४, तिथे जेमतेम १० टक्के ॲमीन गटांवर धनभार असतो, त्यामुळे कण जवळजवळ उदासीन राहतो. पेशीने कण गिळला की तो ज्या पिशवीत जातो तिचा पीएच घसरत जातो. ५.५ ला साधारण ९० टक्के गट भारित होतात. भारित डोकी पिशवीच्या पडद्यातल्या ऋणभारित लिपिडांशी जोड्या करतात. या रेणूच्या दोन्ही शेपट्यांत दोन-दोन वाकडे दुहेरी बंध आहेत, म्हणून शेपट्या रुंद जागा अडवतात. पायरी ३ मधलं गणित आठवा: डोकं लहान, शेपट्या रुंद, आकडा एकाच्या वर. दुपदरी पडदा टिकत नाही, उलट्या रचना होतात आणि आतला माल बाहेर पडायला वाट मिळते. पीकेए, शेपटीचा वाकडेपणा आणि डोक्याचा आकार या तिन्ही गोष्टी एकाच रेणूत एकमेकींना साथ देतात. मला हा रेणू कितीही वेळा काढून दाखवला तरी कंटाळा येत नाही.

पाठ्यपुस्तकातला पीकेए मात्र सरळ उचलू नका. तो एकट्या-दुकट्या रेणूचा असतो. रेणू दाटीने जुळले की एकाचा भार शेजाऱ्याला नकोसा होतो, आणि पीकेए कित्येकदा दोन-चार एककांनी सरकतो. कार्बॉक्सिलिक ॲसिड असेल तर वर, ॲमीन असेल तर खाली.

प्रकाश हवा असेल तर ॲझोबेन्झीन हा जुना, भरवशाचा गट. ३६५ नॅनोमीटरच्या आसपासच्या अतिनील प्रकाशात तो सरळ ट्रान्स रूपातून वाकड्या सिस रूपात जातो. दोन टोकांतलं अंतर सुमारे ०.९ वरून ०.५५ नॅनोमीटरवर येतं. निळ्या प्रकाशाने किंवा नुसत्या उष्णतेने तो परत फिरतो. तो शेपटीच्या मध्ये घातला तर वाकल्यावर रांग मोडते. पार टोकाला लोंबत ठेवला तर कुणाला पत्ताही लागत नाही. दोन अडथळे लक्षात ठेवा. खूप घट्ट रचनेत वाकायला जागाच नसते. आणि दाट नमुन्यात प्रकाश वरच्या पातळ थरातच शोषला जातो, खालचा भाग अंधारात राहतो.

पेशीच्या आत फुटायला हवं असेल तर डायसल्फाइड बंध घ्या. हा बंध तोडणारा छोटा रेणू, ग्लुटाथायोन, पेशीच्या आत मिलिमोलर पातळीवर असतो, बाहेर मायक्रोमोलर पातळीवर, आणि बंध आतच तुटायला तेवढा फरक पुरतो. बाकी धक्क्यांविषयी सुरुवातीला डोकं शिणवू नका.

पायरी ६: जुळवण्याची वाट ठरवा

माझं पहिलं जेल एफमॉक-डायफेनिलॲलानिनचं होतं. दोन अमिनो आम्लांचा हा छोटा रेणू, मिलिलिटरला ५ मिलिग्रॅम. सोडियम हायड्रॉक्साइडने पीएच वर नेला, द्रावण स्वच्छ झालं. मग हायड्रोक्लोरिक ॲसिडचे थेंब टाकले. जिथे थेंब पडला तिथे पांढरी गाठ, बाजूला पाणी. ढवळलं तर गाठींचे तुकडे झाले. आठवडाभर मी रेणूलाच दोष देत होतो. मग एका ज्येष्ठ सहकाऱ्याने ॲसिडऐवजी ग्लुकोनो-डेल्टा-लॅक्टोनची पूड टाकायला सांगितली. ती पाण्यात विरघळते लगेच, पण तिचं ग्लुकॉनिक ॲसिडमध्ये रूपांतर संथपणे होतं, त्यामुळे पीएच सगळीकडे एकसारखा आणि हळू उतरतो. दुसऱ्या दिवशी बाटली उलटी केली आणि आतलं जेल जागेवरून हललं नाही. त्याच्यातून पलीकडची अक्षरं वाचता येत होती. रेणू तोच, संहती तीच, शेवटचा पीएचही जवळपास तोच.

या पदार्थांत वाट बदलली की मुक्काम बदलतो. घाईने जुळलेले रेणू अर्धवट रचनेत अडकून पडतात आणि तिथून सुटायला त्यांना दिवस, कधी महिने लागतात. म्हणून गार करण्याचा वेग, मिसळण्याचा क्रम, ढवळलं की नाही, द्रावक किती वेगाने बदलला, नमुना किती जुना, हे सगळं वहीत पहिल्या दिवसापासून लिहा. नमुना तापवून पुन्हा सावकाश गार करा. वेगळं काही मिळालं तर आधीचं अडकलेलं होतं.

पायरी ७: स्वतःवर शंका घ्या

बाटली उलटी करून जेल ठरवणं सोयीचं आहे, पण खूप दाट द्रवही थोडा वेळ खाली येत नाही. रिओमीटरवर (पदार्थ किती ताठ, किती वाहता ते मोजणारं यंत्र) साठवलेल्या ऊर्जेचा गुणांक वाया जाणाऱ्या ऊर्जेच्या गुणांकापेक्षा स्पष्ट मोठा आणि वारंवारितेने फारसा न बदलणारा दिसला, तरच जेल म्हणा. प्रकाश-विकिरणाने आकार मोजताना विखुरलेल्या प्रकाशाची तीव्रता व्यासाच्या सहाव्या घाताने वाढते, म्हणजे धुळीचे चार कण तुमच्या हजारो मायसेलना झाकून टाकतात. गाळून घ्या आणि तीनदा मोजा. वाळवलेल्या नमुन्याच्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातल्या देखण्या तंतूंवर लगेच विश्वास ठेवू नका. पाणी उडताना संहती वाढत जाते आणि द्रावणात नसलेल्या रचना जाळीवर उगवतात. गोठवून घेतलेलं चित्र किंवा क्ष-किरणांचं लहान कोनातलं विकिरण सोबत असू द्या.

नियंत्रण-नमुना न चुकता करा. ज्या गटावर धक्का बसतो तो गट काढून बाकी सगळं तसंच ठेवलेला रेणू बनवा आणि त्यालाही तोच धक्का द्या. तोही विरघळला, तर तुमचा प्रकाश नमुना तापवत होता. दिव्याखाली नमुन्यात तापमापक बुडवून पाहायला दोन मिनिटं लागतात.

हाताने करायचा पहिला प्रयोग

संश्लेषणाला हात घालण्याआधी पोलॉक्सॅमर ४०७ घेऊन बसा. तीन तुकड्यांचा हा पॉलिमर: दोन्ही टोकांना सुमारे १०० कड्यांचा जलस्नेही पॉलिइथिलीन ऑक्साइड, मध्ये सुमारे ६५ कड्यांचा पॉलिप्रोपिलीन ऑक्साइड. ८० ग्रॅम बर्फगार पाण्यात २० ग्रॅम पूड हळूहळू भुरभुरून घाला, फेस येईल इतकं ढवळू नका आणि बाटली रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. दुसऱ्या बाटलीत १० टक्क्यांचं द्रावण करा. सकाळी दोन्ही पाण्यासारख्या वाहतील. एकेक बाटली तळहातात धरा. ऊब लागली की मधला तुकडा पाणी सोडतो आणि दोन्हींत मायसेल होतात. २० टक्क्यांच्या बाटलीत त्यांची इतकी दाटी होते की ते एकमेकांना टेकून रचून बसतात आणि द्रावण घट्ट होतं. १० टक्क्यांच्या बाटलीत मायसेल आहेत, जागा मोकळी आहे, द्रावण वाहतच राहतं. मग १४, १६, १८ टक्के करून घट्ट होण्याचं तापमान पाण्याच्या टबात, अर्ध्या-अर्ध्या अंशाने, आधी चढताना आणि मग उतरताना नोंदवा, आणि तोच तक्ता थोडं मीठ घातलेल्या पाण्यात पुन्हा भरा.